मूकपटांच्या काळातले प्रसिद्धीफोटो: आधी पाठ बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पणजोबा १९२०च्या दशकात मुंबईत एका थिएटरात ऑपरेटर होते. गावाकडच्या घरात त्यांच्या ट्रंकेत बेचाळीस फोटो सापडले. काही आपल्याकडच्या नट्यांचे, बाकीचे परदेशी. हे खरंच त्या काळातले आहेत का, त्यांचं मोल काय, जपायचे कसे आणि यातूनच पुढे संग्रह करायचा तर कशाच्या मागे लागायचं?

तुम्ही पंचवीस फोटो टिपून पाठवलेत आणि ते सगळे समोरच्या बाजूने. पाठ फक्त एकाची पाठवलीत, तीही शिक्का अर्धवट दिसेल अशी. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो. फोटो उलटा करा. अठ्ठावीस वर्षं हे फोटो गोळा करतोय. चेहरा बघून घेतलेल्या फोटोंनी मला अनेकदा फसवलं आहे, पाठ वाचून घेतलेल्यांनी फार क्वचित.

या फोटोंचं महत्त्व आधी कळायला हवं, म्हणजे ते हाताळताना हात आपोआप हलका होतो. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यातले आज मोजके उरलेत आणि त्यातही बरेच तुकड्यातुकड्यांत. अमेरिकेची स्थिती त्यापेक्षा बरी, पण फारशी नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या जवळपास अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात सबंध उरलेले निघाले १४ टक्के. थेडा बारा या नटीचा १९१७चा ‘क्लिओपात्रा’ घ्या. आज त्याची फिल्म काही क्षणांपुरती उरली आहे, पण त्यातले तिचे पोशाख, मुकुट, डोळ्यांतलं काजळ आपल्याला नीट माहीत आहे ते केवळ स्टिल्समुळे, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी काढलेल्या स्थिर फोटोंमुळे. दिग्दर्शक श्ट्रोहाइमच्या ‘ग्रीड’ची कापून टाकलेली कथा १९९९ साली पुन्हा जुळवली तीही साडेसहाशेच्या आसपास स्टिल्स मधे मधे लावून. म्हणजे तुमच्या ट्रंकेतला एखादा फोटो हा एखाद्या सबंध चित्रपटाचा शेवटचा साक्षीदार असू शकतो. तुमच्या बाबतीत ही शक्यता खरी आहे, कारण तो ज्यांनी ठेवला ते थिएटरातले होते.

आता पाठीवर काय बघायचं ते सांगतो. कंपनीचा किंवा वितरकाचा रबरी शिक्का, फोटोग्राफरच्या स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतलं काहीही, चिकटवलेली टाइप केलेली चिठ्ठी किंवा ती निघून गेल्यावर उरलेला डिंकाचा चौकोन. त्यातलं काहीही पुसायचं नाही, खरवडायचं नाही, ‘स्वच्छ’ करायचं नाही. चिठ्ठी अर्धी सुटली असेल तर तशीच राहू द्या. वर्तमानपत्रातून आलेल्या फोटोंवर लाल किंवा निळ्या मेणपेन्सिलीने काटछाट दाखवलेली असते, कधी नटीच्या खांद्यामागची जागा पांढऱ्या रंगाने बुजवलेली असते. नवख्याला ती खराबी वाटते. माझ्या लेखी तो त्या फोटोचा प्रवास आहे, आणि तो बनावट तयार करणं फार अवघड असतं.

माझ्याकडे एक फोटो आहे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, चारी कोपऱ्यांत गंजलेली भोकं. थिएटरच्या दारातल्या काचेच्या शोकेसमध्ये टाचणीने लावलेला असणार. दर्शनी बाजू उन्हाने इतकी उडालीय की तलवार हातात घेतलेला माणूस जेमतेम दिसतो. विकणारा तो जवळजवळ फुकटच देत होता. पाठीवर मात्र मोडीत दोन शब्द, त्याखाली देवनागरीत ‘३रा आठवडा’ आणि पुढे गुजरातीत एक आकडा. एका पुठ्ठ्यावर तीन लिप्या! तो खेळ कुठल्या वस्तीत चालला असेल, लावणारा कोण आणि हिशेब लिहिणारा कोण, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. उडालेला चेहरा मला कधीच नडला नाही.

पाठ वाचून झाली की मग दर्शनी बाजू. घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. गाल, आकाश, भिंत असा मधला करडा भाग बघा. तिथे ओळीत मांडलेले ठिपके दिसले, तर तो फोटो नाही, हाफटोन ब्लॉकवरून छापलेलं चित्र आहे. मासिकाचं पान, कार्यक्रमपत्रिका किंवा सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड असू शकतं. तेही जमवण्याजोगं असतं, पण त्याचं मोल वेगळं. ठिपके नसतील आणि करडा रंग सलग विरघळत गेलेला असेल तर तो फोटोग्राफिक कागद. मग खिडकीपाशी जा आणि फोटो डोळ्यांच्या पातळीला आडवा धरा. जुन्या ब्रोमाइडच्या, म्हणजे चांदीचा थर असलेल्या फोटो-कागदाच्या, गडद भागांत, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर-चंदेरी झाक दिसते. कागदातली चांदी वर येते म्हणून तसं होतं, आणि ती खोटी आणणं सोपं नसतं. पण ती नाही म्हणून फोटो नवा, असंही नाही. नीट धुतलेला, अंधारात राहिलेला प्रिंट शंभर वर्षांनंतरही स्वच्छ राहतो.

नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळते, तीही घ्या. १९५०च्या दशकापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं घालू लागले. अंधाऱ्या खोलीत असा कागद निळसर पांढरा झगमगतो. १९२६चा म्हणून विकला जाणारा फोटो असा झगमगला, तर तो परत द्या. न झगमगणारा फोटो मात्र एवढ्यावर पास होत नाही, कारण नंतरही बिनझगमगीचे कागद वापरात होते. आणि कागदाच्या पाठीला प्लास्टिकसारखा गुळगुळीतपणा असेल, तर टॉर्च पेटवायचीही गरज नाही. तो कागद १९७०च्या आसपासचा किंवा नंतरचा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते फोटोच्या फोटोला. माझंही तसंच झालं होतं. सुरुवातीच्या वर्षांत एका विक्रेत्याकडून मूकपटातला नट मास्टर विठ्ठल याचा तलवारधारी फोटो घेतला, तेव्हाच्या माझ्या पगाराच्या मानाने फार पैसे मोजून. डाव्या कोपऱ्यात एक मोडल्याची रेघ होती आणि त्या रेघेनेच मला फोटो जुना असल्याची खात्री पटली. घरी येऊन रात्री त्या रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. कागद सपाट, गुळगुळीत. मोडला होता तो मूळ फोटो. माझ्या हातात होतं ते त्या मोडलेल्या फोटोचं कधीतरी नंतर टिपलेलं चित्र. तेव्हापासून नियम एकच: दिसणारी प्रत्येक घडी, ओरखडा, टाचणीचं भोक बोटाला लागलं पाहिजे. डोळ्यांना दिसतं आणि बोटाला लागत नाही, तर ती नक्कल. नकलेत सावल्यांचा चिखल होतो, केसांतल्या बटा एकमेकींत मिसळतात आणि कोपऱ्यातला आकडा फुगीर दिसतो.

हा आकडा काय असतो? स्टुडिओत स्टिल फोटोग्राफर मोठ्या कॅमेऱ्यावर, बहुतेक आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर काम करायचा. त्या निगेटिव्हच्या कोपऱ्यात काळ्या शाईने चित्रपटाचा क्रमांक आणि त्यापुढे स्टिलचा क्रमांक लिहायचे. शाई प्रकाश अडवते, म्हणून प्रिंटवर तो आकडा पांढरा उमटतो. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवरून थेट प्रिंट काढल्याने भिंगाखाली पापण्यांचे केस मोजता येतात. उलट, चित्रपटाच्या रिळातली चौकट मोठी करून काढलेला फोटो रवाळ असतो आणि हलत्या हातापायांशी पुसट होतो. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे म्हणून जे फोटो बाजारात फिरतात, त्यातले बहुतेक रिळातल्या चौकटी किंवा पुस्तकातल्या चित्रांच्या नकला असतात. त्यावर पैसे घालवू नका.

आता तुमच्या ट्रंकेतल्या देशी फोटोंकडे येऊ. इथे ओळख पटवणं हेच खरं काम, कारण नावांचा गोंधळ फार. ‘सुलोचना’ म्हटलं की आपल्या घरात सुलोचनादीदींचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. मूकपटातली सुलोचना वेगळी. रुबी मायर्स, पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू मुलगी, टेलिफोन ऑपरेटर होती. दिग्दर्शक मोहन भवनानींनी तिला कोहिनूर फिल्म कंपनीत आणलं. पुढे ती अर्देशीर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत गेली, ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ भूमिका केल्या आणि १९७३ सालचा फाळके पुरस्कार तिला मिळाला. गोहर म्हणजे रणजित या फिल्म कंपनीची नटी गोहर मामाजीवाला. पण विक्रेते तिच्या फोटोवर बिनदिक्कत गायिका गौहर जानचं नाव घालतात. आणि नटी म्हणून विकला जाणारा फोटो नटीचा असेलच असंही नाही. अण्णा साळुंके या पुरुष नटाने ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केली आणि १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही. नऊवारीतला फोटो दिसला तर मनगट आणि पुरुषाचा कंठमणी दिसतो का ते बघा, ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

कोल्हापूरकडचं काही हाती आलं, तर ते आधी बाजूला काढा. बाबूराव पेंटरांना प्रसिद्धीचं महत्त्व फार लवकर कळलं होतं. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पत्रिका काढण्यात आपल्याकडे ते पहिले, पोस्टर तर स्वतः रंगवायचे. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’, ‘सावकारी पाश’ यांपैकी कशाचाही त्या काळातला कागद आज दुर्मीळ आहे. प्रभातचीही सुरुवात १९२९ साली कोल्हापुरात झाली, ‘गोपाळकृष्ण’ या मूकपटाने. कंपनी पुण्याला गेली १९३३ मध्ये. त्यामुळे फोटोच्या पाठीवर प्रभातचा पुण्याचा पत्ता असेल, तर तो शिक्का मूकपटाच्या मूळ प्रदर्शनावेळचा नाही. पत्ता आणि साल असे जुळवत गेलं की फोटो स्वतःच बोलायला लागतो.

एक वाट आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत आहे. हिमांशू राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन यांचे ‘लाइट ऑफ एशिया’, ‘शिराझ’, ‘अ थ्रो ऑफ डाइस’ हे मूकपट युरोपात लागले. त्यामुळे सीता देवीचे, म्हणजे रेनी स्मिथचे, फोटो मुंबईत शोधून मिळत नाहीत, पण जर्मन विक्रेत्यांच्या खोक्यांत मिळू शकतात. इंटरनेटवर शोधताना इंग्रजी नावं घालून उपयोग होत नाही. ‘डी लॉइश्टं आझिएन्स’ (Die Leuchte Asiens) आणि ‘शिक्झाल्सव्युर्फेल’ (Schicksalswürfel) ही जर्मन नावं रोमन अक्षरांत टाकून बघा. विकणाऱ्याला त्या नटीचं नावही ठाऊक नसतं, त्यामुळे भाव वाजवी राहतो.

परदेशी फोटो तुमच्या ट्रंकेत जास्त का, याचं आश्चर्य वाटू देऊ नका. तेव्हा आपल्या थिएटरांत अमेरिकन चित्रपटच जास्त लागायचे, आणि डग्लस फेअरबँक्सच्या ‘थीफ ऑफ बगदाद’ने इथे जी गर्दी खेचली तिची दखल १९२७-२८च्या सरकारी सिनेमॅटोग्राफ समितीनेही घेतली. पाठवलेल्यांपैकी नऊ नंबरचा फोटो त्याचाच आहे, आणि अकरावा बहुधा एडी पोलोचा. मारामारीच्या सीरियल्समुळे तो इथल्या पिटातल्या प्रेक्षकांचा लाडका होता.

अमेरिकन फोटोंत तीन जाती वेगळ्या ठेवा. पहिली, आठ बाय दहाचे पातळ चकचकीत प्रिंट. ते वर्तमानपत्रांसाठी, ब्लॉक करायला सोपे म्हणून. दुसरी, जाड मॅट कागदावरचे मोठे, बहुधा तपकिरी छटेचे पोर्ट्रेट. यांच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव निगेटिव्हवर लिहिलेलं किंवा कागदात दाबून उमटवलेलं असतं: लॉस एंजेलिसचे विट्झेल, हार्टसूक, मेलबर्न स्पर, न्यूयॉर्कचा अपेडा. मला मनापासून आवडते ती ही जात. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओची पोर्ट्रेट गॅलरी १९२५ पासून पाच वर्षं सांभाळणाऱ्या रूथ हॅरिएट लुईसचे प्रिंट नक्की बघा. हॉलिवूडमध्ये हे काम करणारी ती पहिली स्त्री, रुजू झाली तेव्हा बावीस वर्षांची, आणि तरुण ग्रेटा गार्बोचा चेहरा तिने जसा टिपलाय तसा नंतर फार थोड्यांना जमला. तिच्या नंतर तिथे जॉर्ज हरेल आला. त्याचं नाव मोठं, म्हणून विक्रेते ते कशालाही चिकटवतात. पण तो सिनेमावाल्यांचे फोटो काढू लागला १९२९च्या सुमारास, आणि नट व्हॅलेंटिनो वारला १९२६ च्या ऑगस्टमध्ये. ‘हरेलने काढलेला व्हॅलेंटिनो’ दिसला की तिथून निघा.

तिसरी जात चाहत्यांना टपालाने पाठवायच्या छोट्या फोटोंची, बऱ्याचदा सहीसकट. या सह्यांनी हुरळून जाऊ नका. बहुतेक छापील, नाहीतर सेक्रेटरीच्या हातच्या. सही पांढरी असेल तर ती निगेटिव्हवर केलेली, म्हणजे हजारो प्रतींवर तीच. काळी असेल तर फोटो तिरपा धरून भिंगातून बघा. खरी शाई पृष्ठभागावर बसलेली दिसते, तिला वेगळी चमक असते. छापील सही फोटोच्या आतच असते, चमक सगळीकडे सारखी. शाई खरी निघाली तरी हात त्याच नटाचा, हे ठरवायला त्याच्या करारावरची किंवा पत्रावरची सही शेजारी हवी.

पोस्टकार्डं असतील तर तिकीट लावायच्या चौकोनाकडे बघा. अमेरिकन कार्डावर ‘एझो’ हे कागदाचं नाव आणि चार त्रिकोण असतात. चारही टोकं वर असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असतील तर त्यानंतर १९३० पर्यंत. बर्लिनच्या रॉस प्रकाशनाची कार्डं सगळ्यांत सुबक, क्रमांक घातलेली, आणि नवख्याने सुरुवात करावी तर त्यांच्यापासून. अस्सल मिळतात, स्वस्त असतात, आणि हाताला जुन्या ब्रोमाइडची सवय होते.

जपण्याबाबत मी जरा कडक आहे. चिकट पानं आणि वर प्लास्टिकचा पडदा असलेले जुने अल्बम फोटोंचे वैरी आहेत. त्यात काही असेल आणि सहज सुटत नसेल, तर ओढू नका, पानासकट ठेवा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर काचेवरूनच स्कॅन करा. लॅमिनेशन तर कधीच नाही. साधी पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिस्टरची किंवा आम्लविरहित कागदाची घ्या. डांबराच्या गोळ्या ट्रंकेत असतील तर आजच काढा. पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिल, काचेसारख्या कडक सपाट जागेवर ठेवून, कडेला, दाब न देता.

आपला खरा शत्रू पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली ओल फोटोवरच्या जिलेटिनला फुगवते, मग बुरशी धरते आणि दोन फोटो एकमेकांना कायमचे चिकटतात. मी घट्ट झाकणाच्या डब्यात, प्रत्येक फोटोमध्ये कागद घालून, सिलिका जेलसह ठेवतो. सोबत पाचशे रुपयांच्या आत मिळणारं आर्द्रतामापक. काटा साठ टक्क्यांच्या वर गेला की जेल बदलायचं. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आणि दमट दिवशी डबा उघडायचाच नाही, कितीही मोह झाला तरी. बुरशी दिसलीच, तर ओल्या फडक्याने पुसू नका. फोटो बाकीच्यांपासून वेगळा करून कोरड्या जागी ठेवा आणि पुसणं जाणकारावर सोपवा.

ट्रंकेत निगेटिव्ह किंवा रिळाचे तुकडे असतील, तर हे नीट वाचा. त्या काळची फिल्म नायट्रेटची असते. ती झपाट्याने पेट घेते आणि पेटली की पाण्यानेही विझत नाही. कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलं नसेल, तुकडा पिवळा, चिकट झाला असेल किंवा उग्र वास येत असेल, तर तो घरात ठेवू नका. स्कॅनरवर घालू नका, कुरियरने पाठवू नका. थंड, हवेशीर जागी, चुलीपासून आणि देवघरापासून लांब काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला.

किमतीचं विचारलंत. आकडा सांगत नाही, कारण पाठ बघितल्याशिवाय तो सांगणं म्हणजे तुम्हाला फसवणं. क्रम सांगतो. चॅप्लिन, व्हॅलेंटिनो, पिकफर्ड यांचे फोटो ढिगाने काढले गेले, म्हणून नाव मोठं असूनही साधा प्रिंट फार महाग नसतो. फोटोग्राफरचा शिक्का असलेला मोठा पोर्ट्रेट त्याच्या वर. हरवलेल्या चित्रपटाचं ओळख पटलेलं दृश्य त्याहून वर. आणि आपल्याकडच्या मूकपटाचा, कंपनीचा शिक्का असलेला मूळ प्रिंट माझ्या लेखी सगळ्यांच्या वर, मग तो कितीही फाटका असो. तुमच्या बेचाळीसांतले एकत्र राहतील तेवढे राहू द्या. एका ऑपरेटरने जमवलेला गठ्ठा म्हणून त्यांना अर्थ आहे. सुटे विकले की तो गेला. परदेशातल्या कुणी घाईने मागणी केलीच, तर आधी १९७२चा पुरावस्तू कायदा वाचा. शंभर वर्षं उलटलेल्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षं उलटलेले दस्तऐवज बाहेर पाठवण्यावर त्यात निर्बंध आहेत, आणि तुमचे काही फोटो त्या उंबरठ्यावर आहेत.

पुढे जमवायचं तर विषय अरुंद घ्या. एक कंपनी, एक थिएटर किंवा एक नटी. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, आणि दोन्हीकडे रद्दीवाल्यांशी बोलणं. फोटोच्या दुकानांपेक्षा जुन्या फोटो स्टुडिओंची घरं रिकामी होतात तेव्हा जास्त मिळतं. मी प्रत्येक फोटोमागे वहीत एक पान लिहितो: कुठे मिळाला, कुणाच्या घरातून आला, पाठीवर काय आहे, नाव कशावरून ठरवलं. तुमच्या वहीत पहिल्या पानावर पणजोबांचं नाव, थिएटरचं नाव, आणि ट्रंक उघडली तेव्हा फोटो कुठल्या क्रमाने होते ते आजच लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आठवणी आहेत तोवर.

आणि तो सतरा नंबरचा फोटो, केसांचा बॉब केलेली, खुर्चीच्या हातावर बसलेली. ती रुबी मायर्सच आहे, भुवयांवरून मला शंका नाही. पाठीवरच्या जांभळ्या शिक्क्याचं पहिलं अक्षर तुमच्या फोटोत कापलं गेलंय. खोलीतला दिवा बंद करून साधी टॉर्च बाजूने, अगदी कागदाला लागून धरा आणि पुन्हा टिपा. ‘के’ निघाला तर कोहिनूर, म्हणजे तिच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला. ‘आय’ निघाला तर इम्पीरियल, म्हणजे १९२६च्या आधीचा असूच शकत नाही. मला त्या एका अक्षराची वाट बघायची आहे.